तीन नंबर, साफ

"आवाज कधीही खोटं बोलत नाही," असं मास्तरांनी पहिल्याच दिवशी देवळात बोलावं तसं सांगितलं आणि माईकवर दोनदा टिचकी मारली. माईक बंद होता.

वर्गात सात जण होते. सहा जणांना साउंडची कामं मिळवायची होती. सातवा चष्मेवाला, पन्नाशीला टेकलेला, भर चौकात स्वतःचं चष्म्यांचं दुकान असलेला. तो बायकोसाठी आला होता. ती एका हौशी मंडळात गायची आणि गेली दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमाहून गप्प होऊन घरी यायची. "काय झालं?" "काही नाही. आवाज बरोबर नव्हता." बायको 'काही नाही' म्हणाली की शहाण्यानं तेवढंच ऐकावं, पुढचं सोडून द्यावं. चष्मेवाल्यानं नेमकं पुढचं ऐकलं आणि बारा आठवड्यांच्या वर्गात नाव घातलं.

मास्तर तापट होते. "माईकमधून मिक्सर, मिक्सरमधून अँप्लिफायर, तिथून स्पीकर. ही आवाजाची वाट. आवाज आला नाही तर बोंब मारू नका, वाटेनं चालत जा, कुठे अडलाय बघा. आधी गेन, म्हणजे आवाज आत किती घ्यायचा ते, नीट लावा. आत येतानाच फाटलेला आवाज पुढे कुणाचा बाप शिवू शकत नाही. आणि फेडर, ही वरखाली सरकणारी पट्टी, खाली आहे म्हणजे आवाज नाही, असं समजणारा गाढव! आवाज आत आलेलाच असतो, फक्त बाहेर गेलेला नसतो. हे बटण दाबा, हेडफोनमध्ये ऐका. शेवटी परीक्षा आहे. नापास झालात तर पुन्हा पहिल्यापासून बारा आठवडे!"

चष्मेवाल्यानं सगळं उतरवून घेतलं. घरी जेवायच्या टेबलावर चमचे मांडून बायकोला वाट समजावली. मिठाची बाटली म्हणजे माईक, पाण्याचा जग म्हणजे स्पीकर.

"कळलं?"

"कळलं," ती म्हणाली आणि माईक उचलून भाजीवर दोनदा झटकला.

दहाव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, तिच्याच मंडळाचा कार्यक्रम होता. साउंडचं काम मास्तरांकडे होतं; त्यांनी मिक्सरवर चष्मेवाल्याला बसवलं. पूर्वार्ध सुरळीत पार पडला. मध्यंतराला पडदा पडला, त्यानं सगळे फेडर खाली घेतले. मास्तरांचा नियम असा की उत्तरार्धाआधी एकेक माईक हेडफोनमध्ये ऐकायचा आणि कसा आहे ते मोठ्यानं सांगायचं. मास्तर शेजारी वही घेऊन उभे राहिले.

"एक?"

"साफ."

"दोन?"

"थोडी गुरगुर आहे. वायर हलवतो."

तीन नंबर बायकोचा. त्यानं बटण दाबलं. पडद्याआड ती आणि कीबोर्ड वाजवणारी तिची थोरली बहीण माईकपाशीच बसल्या होत्या.

"सांगितलंस त्याला?"

"नाही गं ताई. कसं सांगू? माझ्यासाठी वर्गाला जातो. चमचे मांडून दाखवतो."

"मग चांगलंच आहे की!"

"तेच तर. पीत असता, अंगावर येत असता, तर केव्हाच निघाले असते. चांगल्या माणसाला काय कारण द्यायचं? घरी आले की जीव गुदमरतो, एवढंच. मला नको झालंय आता."

"मग ये माझ्याकडे. खोली रिकामीच आहे."

"येणारच आहे. त्याचा तेवढा वर्ग संपू दे. दोनच आठवडे राहिलेत. मध्येच कशाला मोडता घालू?"

"ऐकू येतंय का?" मास्तर खेकसले. "तीन?"

"येतंय."

"खरखर?"

"नाही. एकदम साफ."

मास्तरांनी वहीत बरोबरची खूण केली. पडदा उघडला. चष्मेवाल्यानं तीन नंबरचा फेडर पूर्वार्धात होता तिथेच नेला, केसभरही खाली नाही. ती गाऊ लागली. असं गाणं तिनं घरात कधी गायलं नव्हतं. की गायलं होतं, आणि तो दुकानात होता, कोण जाणे.

कार्यक्रमानंतर ती मिक्सरपाशी आली. "आज माझा आवाज मलाच छान ऐकू आला रे. मास्तरांनी लावला?"

"मी लावला."

"बरं शिकलास." तिनं त्याची मुडपलेली कॉलर सरळ केली. त्यानं मान खाली घातली आणि वायर गुंडाळायला घेतली. तीच वायर तो तीनदा गुंडाळत राहिला.

पुढचे दोन आठवडे तो दुकानात गिऱ्हाइकांना "हे बरं दिसतंय, की हे?" विचारायचा आणि उत्तर ऐकायचं विसरायचा. पण एक हिशोब त्याच्या मनात पक्का झाला होता. नापास झालं तर पुन्हा बारा आठवडे. बायको शब्दाची पक्की. मध्येच मोडता घालणार नाही. बारा आठवड्यांत माणूस काय वाट्टेल ते शिकू शकतो.

परीक्षेत पहिला प्रश्न होता, आवाजाची वाट काढा. त्यानं आवाज स्पीकरमधून आत घेतला आणि माईकमधून बाहेर काढला. गेन म्हणजे काय, याला त्यानं 'एक प्रकारची वायर' असं उत्तर दिलं. शेवटचा प्रश्न, फेडर खाली असताना आवाज कुठे असतो? इथे त्यानं आधी 'आत' लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'नसतो.' चाळीस वर्षांपूर्वी शाळेत पहिला येण्यासाठीही त्यानं इतकी मेहनत घेतली नव्हती.

चार दिवसांनी पाकीट घरी आलं. बायकोनंच फोडलं. आत प्रमाणपत्र होतं. सातही जण पास झाले होते. मास्तर पेपर तपासत नसत.