पाठीमागचा उजेड

मित्रांनो, ज्याला उशिरा समजतं त्याला तुम्ही माझ्या नावाने चिडवता. खुशाल चिडवा. पण भिलाईजवळच्या रिसालीतल्या या घरात जे सगळ्यांच्या आधी मला समजलं, ते सांगायला मला तोंड नव्हतं, आणि त्यापायी एक शहाणी बाई वेडी ठरायची वेळ आली. मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. माझी काचेची नळी दोनतीनदा बदलली, पण ती नळी धरणारी पत्र्याची पट्टी तीच आहे, म्हणून मी स्वतःला तीच समजते.

गुलाबरावांनी मला दुर्गच्या बाजारातून सायकलच्या दांडीला बांधून आणलं. ते तेव्हा स्टील प्लांटात भट्टीवर होते आणि हे घर नुकतंच उभं राहिलं होतं. माझी जागा मात्र त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी ठरवली. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या, हातात भाजी घेतल्यासारखं केलं आणि समोरच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अजी, इथंसा ठोका. उजेड माह्या हातावर पडला पाह्यजे."

तेव्हापासून मी त्यांच्या हातांवर उजेड पाडत आले. पहिल्या पाळीचा डबा असायचा, तेव्हा कोंबडा आरवायच्या आत मी लागायची. तांदळातला खडा, डाळीतला किडा, फोडणीतल्या लसणाचा रंग, सगळं त्या माझ्या उजेडात पाहायच्या. त्यांची भरली वांगी तर नातेवाइकांत नावाजलेली. वांग्याला चार चिरा द्यायच्या, देठ धरून ते फुलासारखं उघडायचं, माझ्याकडे करून आत डोकावायचं आणि मगच मसाला भरायचा. त्या वांग्यांच्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता, असं मी मानायची. कुणी दिला नाही ही गोष्ट वेगळी.

गुलाबराव रिटायर झाले आणि मुलाने, परागने, स्वयंपाकघर नवं करायला काढलं. हौस चांगली होती, पण घाई फार. आधी छत झालं, छतात गोल गोल पिवळे दिवे बसले, रंगही वाळला. मग गोंदियाहून गुलाबरावांचे मोठे भाऊ शेषराव आले. त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून चारी दिशा पाहिल्या आणि मान हलवली.

"सैपाक करनारीचं तोंड पूर्वेले पाह्यजे. नाही त घरात बिमारी राह्यते."

मोठ्या भावाचा शब्द. ओटा उचलून पूर्वेच्या भिंतीला गेला, त्यावर खोल कपाटं आली. दिवे मात्र जिथे होते तिथेच राहिले. गुलाबरावांनी एकदा विचारलं, तर पराग म्हणाला, "बाबा, आता सीलिंग कोन तोडंन? इतका झकाझक उजेड आहे, अजून काय पाह्यजे?" वच्छलाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या, की तो सगळा झकाझक उजेड त्यांच्या पाठीवर पडायचा आणि त्यांच्या हातांवर त्यांचीच सावली. पाठीला काय भाजी निवडायची असते?

मला मागच्या मोरीत, भांडी घासायच्या जागेवर ठोकलं. मधल्या दारातून मला सगळं दिसायचं. दिसायचं, आणि माझा जीव तुटायचा. त्यांचं बोट कापलं. लसूण जळला. हळद म्हणून बेसन पडलं. त्या डोळे चोळायच्या, वाकायच्या. वाकल्या की सावली आणखी दाट व्हायची. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं म्हणजे माझ्या पट्टीतल्या चोकची गुणगुण. सून रश्मी म्हणायची, "हे ट्यूब आवाज करून राहिली, काढून टाकू का?"

मग शेषराव पुन्हा जेवायला आले. वच्छलाबाईंनी मुद्दाम भरली वांगी केली. शेषरावांनी घास मोडला आणि ताट पुढे सरकवलं. "वच्छला, हे पाह्य. अळी हाय."

रश्मीने सगळ्यांच्या ताटांतली वांगी काढून घेतली. तेच वच्छलाबाईंना जास्त लागलं. त्या रात्रभर झोपल्या नाहीत हे मला पहाटे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. दुर्गला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू नाही, चष्मा बरोबर आहे, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. वच्छलाबाईंना नाही. मोरीत भांडी विसळता विसळता त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "डोये धड हायेत, त मंग डोस्कंच चाल्लं माह्यं. माह्या आईवानी."

त्यांच्या आईला म्हातारपणी भ्रम झाला होता. दुधात मीठ टाकायची. तिच्या मुलांनी तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही, आणि ती मरेपर्यंत उंबऱ्याशी बसून "मी काय करू?" एवढंच विचारत राहिली. वच्छलाबाईंना आता आपल्यापुढेही तीच वाट दिसत होती. गुलाबरावांनी हातातला पेला खाली ठेवला.

परागने स्वयंपाकाला नीतू नावाची बाई लावली. "आई, तू आता आराम कर न. गॅसचा मामला आहे, रिस्क कायले घ्यायची?" तो प्रेमानेच म्हणाला. मित्रांनो, प्रेमाने काढून घेतलेलं परत मागताही येत नाही. वच्छलाबाई मोरीजवळ पाट टाकून बसू लागल्या. विचारलं तर बोलायच्या, नाही तर नाही. आपलीच बोटं एकेक करून दाबून पाहायच्या. त्यांना नक्की माहीत होतं की आपण आता संपत चाललो. मलाही आशा उरली नव्हती. माझी टोकं काळी पडली होती, मी लागताना दहादा फडफडायची, आणि रश्मीने नवी पट्टी आणूनही ठेवली होती.

एका थंडीच्या संध्याकाळी शेजारच्या भैयालालने आपल्या घरामागच्या बाडीतली वांगी आणून दिली. नीतू येऊन गेली होती. गुलाबरावांनी टोपली वच्छलाबाईंपुढे ठेवली आणि मला लावलं. मी फडफडले. व्होल्टेज पडलेलं होतं. एवढं एकदा लागू दे, मग फेकून द्या, असं मी मनात म्हणत होते. लागले.

त्यांनी वांग्यांना बराच वेळ हात लावला नाही. मग सवयीने एक उचललं, चिरा दिल्या, उघडलं आणि माझ्याकडे केलं. आत दोऱ्याएवढी अळी होती. त्यांनी ती पाहिली. चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

त्या वांगं घेऊन उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, सगळे दिवे लावले, ओट्याशी पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि वांगं उघडलं. मग माझ्याकडे परत आल्या. इथे अळी होती. पुन्हा ओट्याशी गेल्या. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी त्यांनी हाक मारली.

"अजी, इकडं या. माह्या जागेवर उभे राहा. याच्यात काय दिसते, सांगा."

गुलाबराव ओट्याशी उभे राहिले. "काहीच नाही दिसत," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली, मागे वळून छताकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "अवं, हे त आपलीच सावली हाय."

वच्छलाबाई खालीच बसल्या. रडल्या, मोठ्याने रडल्या. पराग धावत आला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी मले येडी समजले, बाबू, त्याचं काही नाही. मी बी समजली होती."

दुसऱ्याच दिवशी परागने वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला, पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावून घेतली, आईला तिथे उभं करून, तिच्या हातांवर उजेड पाहून. छत फोडावं लागलं नाही. हे पहिल्याच दिवशी झालं असतं.

माझं काय होईल ते होवो. उतरवाल तेव्हा मला आपटून फोडू नका, माझ्या पोटात पारा आहे, एवढंच सांगते. पण मित्रांनो, अशी नवी स्वयंपाकघरं गावोगावी झाली आहेत, आणि प्रत्येक घराच्या मोरीत जुनी ट्यूबलाइट नसते. म्हणून आज घरी गेलात की आईच्या जागेवर उभे राहा. दिवे लावा, ओट्याकडे तोंड करा, हातात वांगं घेऊन उघडा. आत दिसलं नाही, तर तिला लगेच सांगा. ती आपण होऊन विचारणार नाही. तिला वाटतं आहे की आपलंच काही बिघडलं आहे.