रविवारची किंचाळी

इतर वस्तू आपली गोष्ट सांगताना म्हणतात, 'मी बोलतेय.' मी किंचाळते. ब्रेक पॅड आहे मी. मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकात, लोखंडी चकतीला लागून माझी जागा. कुणी मला 'तो पॅड' म्हणतं, कुणी 'ते पॅड'. मी स्वतःला ती म्हणते. ज्याला खटकेल त्याने ब्रेक न लावता गाडी चालवून दाखवावी.

माझी जात साधी नाही. अंगात धातूचा चुरा ठासून भरलाय. भरधाव गाडी घाट उतरते तेव्हा मी तापते, आणि तापले की चकतीला अशी धरते की चाकाची काय बिशाद! पण थंड असताना हळूच दाबलं, की चकतीवर थरथरते आणि आवाज होतो. दोष नाही तो, स्वभाव आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलंही होतं. गाडीच्या मालकाने, सुधन्वाने, वाचलं नाही. पुरुष खोक्यावरचं चित्र बघतात.

हा सुधन्वा गुरुग्रामला राहतो, दिवसभर ऑफिसात बसतो आणि मनात शर्यती जिंकतो. मोठ्या हौसेने त्याने मला बसवून घेतलं आणि नेलं कुठे, तर जाममध्ये. जरा पुढे, ब्रेक. जरा पुढे, ब्रेक. मी कशाला तापतेय? किंचाळत राहिले. सिग्नलला शेजारचे लोक काच खाली करून बघायचे.

"यार, सुधन्वा," त्याची बायको रुचिता म्हणायची, "लोकांना वाटतं आपण कुत्र्याच्या शेपटीवरून गाडी नेली."

एवढ्या मोठ्या शहरात माझ्या आवाजाने खूश होणारी एकच बाई होती. सुधन्वाची आई, सुमित्राबाई. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला. दिल्लीतच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आली ती एकटीच. सुधन्वा रविवारी यायचा. सोसायटीच्या गेटशी स्पीडब्रेकर आहे, तिथे मी ओरडले की दुसऱ्या मजल्यावर चहाचं आधण चढायचं.

"तुझी गाडी कशी आल्याची वर्दी देते," ती म्हणायची. "तुम्ही लोक आता दार ढकलून आत येता, नाहीतर फोन करता."

पण तिसऱ्या मजल्यावरच्या तनेजाजींनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. सुधन्वाला लाज वाटली. मग माझ्यावर उपचार सुरू. मेकॅनिकने मला काढलं, कडा तिरक्या घासल्या, पाठीला ग्रीस फासलं, मागे पातळ पत्रा बसवला. मोकळ्या एक्सप्रेसवेवर गाडी पळवून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबायला सांगितलं. त्या पहाटे मी पहिल्यांदा नीट तापले. खरं सांगते, तेवढंच माझं आयुष्य.

थोडे दिवस शांत राहिले. पुन्हा तोच जाम, तेच हळूहळू दाबणं. स्वभाव उसळून आला.

शेवटी सुधन्वाने गरीब स्वभावाचे, मुके पॅड बसवले. "हे अजून झिजले नाहीत, राहू दे," म्हणून आम्हाला जुन्या फडक्यात गुंडाळून डिकीत टाकलं. सोबत स्टेपनी आणि एक फाटकी छत्री. छत्रीशी काय बोलणार? तिच्यात जीव नाही.

डिकीत काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. जानेवारीतला रविवार होता. सुधन्वा गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये शिरत होता. गाडीच्या स्पीकरवर आईला म्हणाला, "आई, आज मी खाली आहे हां."

"अगं बाई! आले, आले!" ती म्हणाली. तेवढ्यात गाडी तळघरात उतरली आणि फोन कट झाला.

त्याने पुन्हा लावला नाही. सामान घेतलं, खाल्लं, निवांत निघाला.

मयूर विहारच्या गेटातून गाडी आत शिरली. मुके पॅड कसले सांगतायत! गार्ड धावत आला. "साहब, माताजी कब से बैठी हैं. हर सफ़ेद गाड़ी में झाँक रही थीं. एक साहब ने तो डाँट भी दिया."

सुधन्वा ताडकन उतरला. "आई! या थंडीत इथे काय करतेयस? फोन कुठेय तुझा?"

"वर. आणि थंडीचं मला सांगू नकोस. तूच म्हणालास, मी खाली आहे."

"अगं, खाली म्हणजे फ्री! सुट्टी आहे, काही काम नाही..."

"मग मोकळा म्हण! मोकळा आहे म्हण! साधा शब्द, कुठे सांडलास तो? माझ्याच घरात वाढलास ना?" आवाज चढला होता तिचा, पण दात वाजत होते. "आधी गाडी ओरडायची, मला कळायचं. आता ती मुकी. म्हटलं, आला असेल, उभा असेल कुठेतरी. मग एकेक गाडी बघत बसले."

सुधन्वा गाडीच्या मागे आला. डिकी उघडली, फडकं सोडलं आणि मला बाहेर काढलं. "उद्याच परत बसवतो. तनेजाजी गेले उडत."

माझ्या अंगातला कण न् कण जागा झाला. तिने मला हातात घेतलं. तिची बोटं माझ्यासारखीच गार होती. काळी भुकटी तळव्याला लागली, पुसली नाही तिने.

"हिला कशाला राबवतोस?" ती म्हणाली. "तुला तोंड दिलंय ना?"

आणि मला परत फडक्यात ठेवलं. हळूच ठेवलं, एवढं खरं.

पुढच्या रविवारी गाडी गेटशी थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. आणि मग तो चाळिशीचा माणूस भर सोसायटीत ओरडला, "आई! आलोय गं मी!"

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "सुधन्वाजी, गाड़ी ठीक हो गई तो अब आप शुरू हो गए?"

"ऐकलं रे, ऐकलं!" वरून सुमित्राबाई. "सगळ्या मयूर विहारला कळलं. ये वर, आधण ठेवलंय!"

दोघं वर असतात तेव्हा मी इथे अंधारात असते. ती हाक माझ्यापेक्षा सरस आहे, हे मला मान्य करावं लागतं, आणि मान्य करणं माझ्या जातीत बसत नाही. रडत नाही मी. पण डिकी साफ करायला निघाल तेव्हा एवढं करा. मला गुरुग्रामच्या भंगारात टाकू नका. या गेटाबाहेरच्या कबाडीवाल्याकडे द्या. तिथून रविवारची हाक ऐकू येते.