पट्टी सुटताना समोर कोण

विशाखाच्या वहीत मेलेल्या माणसांची मोजदाद होती. मेलेली म्हणजे पडद्यावर मेलेली. नांदेडच्या विद्यापीठात ती सिनेमा आणि गाण्यांतल्या आरोग्यावर पीएच.डी. करत होती आणि दोन वर्षांत एकशे चाळीस सिनेमे पाहून तिने रकाने भरले होते. खोकणारी माणसं एकसष्ट, त्यांतली शेवटपर्यंत जगलेली चार. आजारपणातली गाणी बेचाळीस, त्यांत नवस भरपूर, गोळी एकही नाही. डोळ्यांची पट्टी सुटण्याचे प्रसंग तेवीस. त्या तेवीसही वेळा पट्टी अगदी सावकाश सुटते, सनई वाजते, सगळं गणगोत पलंगाभोवती जमलेलं असतं आणि समोर नेमकं हवं तेच माणूस उभं असतं. विशाखाला याचं हसू यायचं. हसता हसता पीएच.डी. होणार असेल तर कुणाला नको?

तिचे गाईड सिद्रामप्पा सर मात्र हसले नाहीत. वही चाळून म्हणाले, "पडद्यावर काय आहे ते मोजलंस. बघणाऱ्यानं त्याचं काय केलं, ते कुठंय? नुसते कागदी घोडे नाचवू नकोस. गावाकडं जा जरा."

बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

गावाकडं जायला निमित्तही होतं. मुखेडजवळच्या गावात तिची आत्या नागुबाई राहायची. विशाखाची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानेच तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आता आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यातला इतका पिकला होता की डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, महिनाभरात ऑपरेशन झालं नाही तर डोळा कायमचा जाईल. आत्या ऑपरेशनला तयार होती. अट एकच. पट्टी सोडताना समोर धम्मानंद उभा पाहिजे.

धम्मानंद तिचा एकुलता एक मुलगा, लातूरला मुलांच्या वसतिगृहात रेक्टर. चार वर्षांत तो घराकडे फिरकला नव्हता. वडिलांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा त्यानेच गाडी करून त्यांना लातूरला नेलं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यातच गेले. देह दारात आला तेव्हा सगळ्या भावकीदेखत आत्या बोलून गेली, "घरी असते तर जगले असते. तूच नेलंस मारायला!" दुःखात माणूस काय बोलेल याचा नेम नसतो, पण बोललेलं ऐकणाऱ्याच्या काळजात राहतं. वडिलांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होताच धम्मानंद लातूरला गेला, तो गेलाच.

"आत्या, आता पट्टी नसते गं," विशाखाने समजावून पाहिलं. "प्लॅस्टिकचं झाकण असतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर काढते. झालं."

"तुला काय कळतंय? माळेगावच्या जत्रंत तंबूत बघितलाय मी पिच्चर. पट्टी सुटताना समदे हजर असतेत."

"अगं, ते पिक्चरमध्ये!"

"मग तू दोन साल काय शिकून राहिलीस? पिच्चरच की."

पालथ्या घड्यावर पाणी! विशाखाने वहीत लिहिलं, 'प्रेक्षक पहिला: सिनेमा खरा मानतो.' आणि लिहिताना तिला थोडी कीवच आली.

तिने धम्मानंदला फोन लावून आत्याची अट सांगितली. पलीकडून आधी दोनदा खोकल्याचा आवाज आला. धास्तावला की तो लहानपणापासून असाच दोनदा खोकायचा, घसा धडधाकट असला तरी.

"विशू, मी उभा ऱ्हायलो आन डोळ्याला काही झालं, तर?"

"काही होत नाही, दादा. साधं ऑपरेशन आहे."

"बाबांना नेताना मीबी हेच म्हणलो होतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

विशाखाने त्याला दवाखान्याचा पत्ता आणि तारीख पाठवून दिली. उत्तर आलं नाही. इकडे दिवस संपत चालले होते. शेवटी ती आत्याला म्हणाली, "दादा येतो म्हणाला." आत्याने तेवढ्यावर लुगड्यांची पिशवी भरली आणि दोघी एसटीने नांदेडला आल्या. डोळा वाचवायचा तर एक थाप चालते, अशी विशाखाने मनाची समजूत घातली. मन काही ऐकत नव्हतं.

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. संध्याकाळी आत्या कॉटवर शांत पडून होती, उजव्या डोळ्यावर झाकण, डाव्याला नुसतं धुकं. विशाखा चहा घेऊन आली तरी तिने धम्मानंदचं नाव काढलं नाही. विशाखाला ते अधिकच टोचलं.

सकाळी वॉर्डात बायकांची रांग बसली. सनई नव्हती, वर पंखा तेवढा करकरत होता. दारात नातेवाइकांची दाटी झाली होती. ज्योत्स्ना सिस्टर झटक्यात चिकटपट्टी काढायच्या, डोळा पुसायच्या, बोटं मोजायला लावायच्या आणि म्हणायच्या, "पुढं सरका." आत्याची पाळी आली. झाकण निघालं.

"उघडा डोळा, मावशी."

आत्याने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

"मावशी, उघडा ना. रांग मोठी आहे."

"न्हाई. धम्मा समोर येऊ दे."

रांगेतल्या बायका कुजबुजू लागल्या. सिस्टरने विशाखाला जवळ ओढून हळूच म्हटलं, "त्या बाकावरच्या भाऊंना उभं करा समोर. डोळा तर उघडतील."

ते भाऊ कुणाचे तरी जावई होते आणि बिचारे उठलेही. विशाखाच्या ओठावर 'आला बघ' आलंसुद्धा होतं. पण तिला स्वतःची लाज वाटली. एक थाप पुरे झाली. ती आत्याच्या पायाशी बसली.

"आत्या, मी खोटं बोलले. दादा येतो म्हणालाच नव्हता. तो आलेला नाही."

"आलाय," आत्या म्हणाली. "काल सांजच्यालाच आलाय. दाराभाईर दोनदा खोकला त्यो. माझं लेकरू मला कळत न्हाई व्हय?"

विशाखाने मान वळवली. दारातल्या दाटीच्या पार मागे, खांद्याला बॅग अडकवून, धम्मानंद उभा होता. चार वर्षांत केस कानांपाशी पांढरे झाले होते. त्याचा पाय काही पुढे उचलत नव्हता.

"मग कालच हाक का नाही मारलीस?" विशाखाने विचारलं.

"काल कोन होतं इथं?" आत्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "वंगाळ बोलले ते चारचौघांत बोलले होते. चारचौघांतच माघारी घ्यावं लागतंय. फोनवर न्हाई, कोपऱ्यात न्हाई. म्हनून म्हनलं, समदे जमतेत तवाच यावं त्यानं."

तेवीस प्रसंग विशाखाने मोजले होते, सनई मोजली होती, पलंगाभोवतीची गर्दीसुद्धा नोंदवली होती. ती गर्दी कुणाच्या कामाची असेल, हे मात्र तिला सुचलं नव्हतं. वहीतलं ते कीव येऊन लिहिलेलं वाक्य तिला आता वाचायलाही नको वाटलं.

दारातली माणसं आपणहून बाजूला झाली. धम्मानंद पुढे आला, आईसमोर उभा राहिला आणि दोनदा खोकला.

आत्याने उजवा डोळा उघडला. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाला तू नेलंस ते बराबर नेलंस, बाबा. मी चुकले." आणि जरा थांबून, "किती पिकलास रे."

'पुढं सरका' म्हणायचं सिस्टरच्या ध्यानात राहिलं नाही. मग एकदम सावध होऊन त्या ओरडल्या, "मावशी, रडायचं नाही हां! डोळ्याला पाणी चालत नाही!"

"मी कुठं रडून राहिले?" आत्या म्हणाली. "त्योच रडतोय. रडू द्या त्याला. त्याचं कुठं आपरेशन झालंय?"