काठीचे दोन ठोके

गल्लीतले लोक तिला कवळीवाली म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण ते खरंच होतं. दातांच्या तीन दवाखान्यांसाठी ती कवळ्या बनवायची, आणि अर्ध्या गल्लीच्या तोंडात तिच्याच हातचे दात होते. या कामात केसभर चूक झाली तर माणसाची हिरडी सोलून निघते. त्यामुळे दहा वेळा तपासल्याशिवाय ती हातातून काही सोडत नसे. अशा बाईने त्या दुपारी पाइपाचं दुसरं टोक तपासलं नाही. माणसाची मती फिरते ती अशी.

भुंग्या तिचा कुत्रा. आखूड पाय, लांबलचक अंग, काळा कुळकुळीत, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. दिवसभर तो तिच्या कामाच्या टेबलाखाली घोरत पडायचा, पण मैदानावर गेला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. तिथे दर शनिवारी कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव चाले. उडी मारायच्या दांड्या, झुलती फळी, ओळीने रोवलेले खांब, आणि कापडाचा लांब टनेल. कुत्र्याने पळायचं आणि मालकाने बाजूने धावत हुकूम सोडायचे. चाळिशी ओलांडलेल्या सुनेला तिथे धावताना पाहून सासू म्हणाली होती, "शर्यत कुत्र्याची आणि धाप हिला."

भुंग्याचं बाकी सगळं झकास, घोडं अडायचं टनेलात. अर्ध्यात जाऊन तो घाबरायचा आणि उलट्या पावली बाहेर यायचा. शर्यतीत ते चालत नाही. कवळीवालीने त्याच्यामागे दोन महिने घाम गाळला. उलटा बाहेर आला की कडक आवाजात "नाही", त्याच्याकडे पाठ, खाऊ बंद. पुढच्या तोंडाने बाहेर आला की लाडच लाड. "घुस" म्हटलं की शिरायचं, आणि तिचा आवाज कानावर पडतोय तोवर पुढेच जायचं, हे अखेर त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि इकडे घरात सासू वेगळीच शाळा चालवत होती. जेवण झालं की ती कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवायची आणि पलंगावर आडवी व्हायची. भुंग्या पलंगाखाली थेट भिंतीपर्यंत शिरायचा. पलंग बुटका, खाली ट्रंका ठेवलेल्या, त्यामुळे त्याला वळता यायचं नाही. मग सासू पडल्या पडल्या काठीने फरशीवर दोनदा ठोकायची आणि म्हणायची, "उलट ये रे, मेल्या." भुंग्या शेपटीकडून बाहेर यायचा आणि अर्धं बिस्कीट घ्यायचा. सुनेने हे मागच्या आठवड्यात पाहिलं आणि तिचा पारा चढला.

"शर्यत तोंडावर आलीय आणि तुम्ही त्याला उलटं चालायला शिकवताय. माझ्या मेहनतीवर पाणी फिरवताय, आई."

"मला काय करायचंय तुझ्या कुत्र्याशी? घरभर केस नुसते. नाही शिकवत, जा," असं म्हणून सासूने भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून दोघींचं बोलणं मीठ दे, पाणी दे एवढ्यावर आलं होतं. सासूचा मुलगा कामासाठी परगावी, घरात या दोघी आणि कुत्रा. त्यामुळे अबोला धरायलाही फारशी माणसं नव्हती.

त्या दुपारी कवळीवाली दवाखान्यात काम पोचवून घरी परतत होती. सोबत भुंग्या. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांच्या गल्लीच्या अलीकडच्या रस्त्यावर पाण्याची नवी लाइन टाकायचं काम चालू होतं. जोडलेला काळा प्लॅस्टिकचा पाइप कडेने लांबवर पडला होता, तोंड जेमतेम दीड वीत. आदल्या दिवशी सकाळी तिने भुंग्याला त्यातून तीनदा पळवलं होतं आणि तीनही वेळा तो गोळीसारखा पलीकडे निघाला होता. अरुंदात सवय झाली की मैदानातल्या टनेलात उडत जाईल, असा तिचा हिशोब. कामगार दूर झाडाखाली जेवायला बसले होते. भुंग्याने पाइप ओळखला आणि शेपूट हलवून तिच्याकडे पाहिलं.

"घुस," ती म्हणाली.

तो आत गेला. ती शर्यतीत धावते तशी पाइपाच्या बाजूने धावत सुटली. "पुढे, पुढे, पुढे!" आतून नखांचा आवाज तिच्या बरोबरीने पळत होता. कालच्यापेक्षा पाइप लांब झालाय, दोन तुकडे नवे जोडलेत, हे तिला धावता धावता कळलं. ती टोकाला पोचली तेव्हा तिथे तोंड नव्हतंच. लोखंडी झाकण बसवलं होतं, आठ बोल्ट घट्ट आवळून.

आतून धप्प आवाज आला. मग झाकणावर नखं घासल्याचा, आणि मग एकच भुंकणं, जे सगळ्या पाइपातून घुमत गेलं.

तिने झाकणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकं ते तापलं होतं. पाइपही तसाच. ती धावत पुन्हा शिरायच्या तोंडाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि आत ओरडली, "भुंग्या, ये! ये बाळा!" दूर टोकाला नखांची खरखर सुरू झाली. तो येत नव्हता. तो झाकण उकरत होता. ती पुन्हा ओरडली, तो आणखी जोराने उकरू लागला.

तिचा आरडाओरडा ऐकून मुकादम हात न धुताच आला. काय झालं ते कळल्यावर त्याने आधी कपाळाला हात लावला, मग झाकण पाहिलं.

"ताई, उद्या दाब बघायचाय म्हणून आज सकाळीच बंद केलं. याचा पाना गाडीत आहे, आणि गाडी गेलीय दुसऱ्या साइटवर."

"मग पाइप कापा. मी भरून देते काय असेल ते."

"भरायचं राहू द्या. करवतही त्याच गाडीत. फोन करतो, पण यायला पाऊण तास धरा."

पाऊण तास. तिच्या खिशात कामाच्या मेणाची एक कांडी राहिली होती. तिने ती पाइपावर ठेवली. हे मेण किती गरम झालं की वाकतं, किती गरम झालं की वितळतं, ते तिला पाठ होतं. त्यावरच तिचं पोट होतं. कांडी बघता बघता वाकली आणि पाइपाला चिकटून पसरली. तिने ती खरवडून काढली नाही. तिला पुढचं बघायचं नव्हतं.

मुकादमाने जास्त बोलण्यात वेळ घालवला नाही. त्याने माणसांना हाका मारल्या, पिंपातलं पिण्याचं पाणी रिकाम्या पोत्यांवर ओतलं आणि ओली पोती झाकणाकडच्या पाइपावर टाकली. त्यांतून वाफ निघाली. आतून आता उकरण्याचा आवाज येत नव्हता. धापा ऐकू येत होत्या, भराभर, एकमेकींत अडकलेल्या.

तिने मैदानावर सराव घेणाऱ्या सरांना फोन लावला.

"तुम्ही हाका मारू नका," ते म्हणाले. "टनेलात तुमचा आवाज म्हणजे पुढे जा. आपणच शिकवलंय ते त्याला. हाक मारली की तो झाकणावर डोकं आपटणार."

"मग काय करू?"

"वळायला जागा आहे का?"

"नाही."

"मग उलटं चालत यावं लागेल. उलटं चालणं कधी शिकवलंय त्याला?"

"नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. तिने सरांचा फोन बंद केला आणि घरी लावला.

बराच वेळ घंटी वाजली. तिला वाटलं, झोपल्या असतील. मग वाटलं, मुद्दाम उचलत नसतील. शेवटी पलीकडून सासूचं हुंकारणं आलं.

"आई, भुंग्या पाण्याच्या पाइपात अडकलाय. वळता येत नाही. पाइप तापलाय, तो मरेल. तुम्ही ते काठीने ठोकता ना, ते... तुम्ही याल का?"

पलीकडून फोन कट झाला.

तिला रडू कोसळलं. मी कोणत्या तोंडानं बोलावलं, असं तिला वाटलं. आठ दिवस ज्या गोष्टीवरून तोंड वाकडं करून बसले, तीच आता पदरात टाका म्हणून मागते आहे. बरं, आल्या तरी सोडून दिलेली गोष्ट कुत्र्याच्या काय लक्षात राहणार? ती झाकणाशी कान लावून बसली. धापांमध्ये अंतर पडायला लागलं होतं. ते चांगलं की वाईट, हे तिला कळेना, आणि कुणाला विचारायची हिंमत होईना.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर काठी दिसली. काठीमागे सासू. ज्या बाईला दोन पायऱ्या चढायला मिनिट लागतं, ती बाई भर उन्हात जवळजवळ पळत होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात मुलाची.

"आहे का?" तिने लांबूनच विचारलं. तिचा एक हात तोंडावर होता.

"आहे. आई, मी हाक मारली तर तो पुढे जातो."

"मग तू गप्प राहा. अजिबात बोलू नकोस. शिरला कुठून?"

मुकादमाने तोंड दाखवलं. सासू काठीचा आधार घेत खाली बसली, गुडघे कडकड वाजले, आणि तिने रस्त्यावर दोनदा ठोकलं. आत काही हललं नाही. तिने पाइपावरच दोनदा ठोकलं. मग तोंडावरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "उलट ये रे." आवाज तिच्याच तळव्यात अडकला.

भोवती सात-आठ कामगार उभे होते. सासूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग हात काढला, डोकं थेट पाइपात घातलं आणि पुन्हा ठोकलं.

"उलट ये रे, मेल्या. बिस्कीट देते. उलट ये."

टोकाला एक नख खरवडलं. मग थांबलं. मग पुन्हा खरवडलं.

"येतोय," पोत्यांपाशी उभा असलेला मुकादम पुटपुटला आणि पाइपाला कान लावून एकेक पाऊल सरकू लागला. कवळीवालीही त्याच्या बरोबर सरकत होती. मघाशी जिथून ती "पुढे, पुढे" करत धावली होती, तिथून ती आता गोगलगाईच्या चालीने उलटी जात होती, ओठ दातांखाली दाबून. निम्म्यावर आवाज थांबला. एकदम थांबला. धापही ऐकू येईना. तिचं तोंड आपोआप उघडलं, त्याचं नाव जिभेवर आलं, आणि तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. आपलाच आवाज आपल्या जनावराला मारू शकतो, याची तिला इतकी भीती वाटली की ती खालीच बसली.

ठक, ठक. "दमलास होय? दम हं. मी इथेच आहे. मला कुठं जायचंय? आता ये. उलट ये."

खूप वेळाने नखं हलली.

आधी शेपूट दिसलं, पायांत घातलेलं. मग मागचे पाय, घसरत, फाकत. सासूने काठी टाकली, दोन्ही हातांनी त्याचं कंबरडं धरलं आणि ओढून मांडीवर घेतलं. जीभ लाल-जांभळी, डोळे अर्धे मिटलेले, अंग भट्टीतून काढल्यासारखं. मुकादमाने उरलेलं पाणी त्याच्या पोटावर, पंजांवर हळूहळू ओतलं. भुंग्याने डोळे उघडले. त्याने सासूचा खिसा हुंगला.

"बिस्कीट पाहिजे मेल्याला," सासू म्हणाली आणि रडायला लागली.

तेव्हा कुठे कवळीवालीने तिच्याकडे नीट पाहिलं. सासूच्या तोंडात दात नव्हते. कवळी लावल्याशिवाय जी बाई दूधवाल्यालाही दार उघडत नसे, ती सगळ्या रस्त्यातून अशीच आली होती, आणि आता सात-आठ अनोळखी माणसांसमोर बोळकं उघडून रडत होती. ती कवळी सुनेनेच केलेली होती, वाटीत घरी राहिली होती.

"आई, तुम्ही तर सोडून दिलं होतं ना शिकवणं?"

"कुठलं सोडतेय," सासू म्हणाली. "तू दवाखान्यात गेलीस की रोज."

जनावरांच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, चार तास ठेवून घेतलं, एका पंज्याला पट्टी बांधली आणि शर्यतीचं नाव महिनाभर काढू नका म्हणून सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तरी तिने काढलं नसतं.

संध्याकाळी घरी आल्यावर भुंग्या लंगडत सासूच्या खोलीत गेला आणि कुणी काही म्हणायच्या आत पलंगाखाली शिरला. आधी डोकं दिसेनासं झालं, मग पाठ, मग शेपूट. कवळीवाली दारातच थिजली. रोजचीच जागा, रोजचाच पलंग, दोन ट्रंका आणि एक भिंत. पण तिला पाइपच दिसला. ती फरशीवर बसली. हाक मारायचा तिला धीर होत नव्हता.

सासू पलंगावर आडवी होती. कवळी उशाशी वाटीत होती, आणि तिने सुनेसमोर तोंडावर हात नेला नाही. ती सुनेकडे बघत राहिली.

"ठोकू का?" तिने विचारलं.

"ठोका."

ठक, ठक. भुंग्या शेपटीकडून बाहेर आला, अर्धं बिस्कीट घेतलं, आणि चघळत पुन्हा पलंगाखाली गेला.

"पुन्हा ठोका, आई," ती म्हणाली.