पाच नंबरचं कापड

"आठाचे सोळा करा, न् मंग सोळाचे बत्तीस करा! साखळी हाये का गावजेवणाची पंगत? कुणीबी यावं न् पाटावर बसावं?"

रामराव गुरुजींनी टेबलावर हात आपटला तशी बद्रीनाथची खडूची वडी टुणकन उडून खाली पडली.

"गुरुजी, ह्यो खडू शाळेतला न्हाई, माझा हाये. जरा बेतानं," बद्रीनाथ म्हणाला आणि वाकून त्यानं वडी उचलली.

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत बद्रीनाथ शिंप्याचं दुकान म्हणजे दोन मशिनी, एक कपाट आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. एका मशीनवर तो, दुसरीवर त्याची बायको दुर्गाबाई. पण दसरा जवळ आला की त्या बाकड्यावर गिऱ्हाईक बसायची सोय राहत नसे. तिथं कबड्डीचा दरबार भरे. गोदाकाठच्या आठ गावांची साखळी स्पर्धा पौषापासून दर रविवारी एकेका गावात रंगायची, आणि तीर्थपुरीच्या संघाचे बनियन-चड्ड्या शिवायचं काम अठरा वर्षं बद्रीनाथकडं होतं. पाठीवरचे आकडेही लाल खारव्याच्या जाड कापडातून तोच कापायचा. स्वतः तो उभ्या जन्मात कधी कबड्डी खेळला नव्हता. पण अठरा वर्षांत त्याचा एक सामना चुकला असेल तर शपथ. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातून तो अक्षता टाकून पळाला होता, हे दुर्गाबाई अजून चारचौघांत ऐकवायची.

यंदा, म्हणजे शहाण्णव साली, साखळीत आणखी आठ गावं घ्यायचं ठरलं. भांडण त्यावरून होतं, आणि त्याहून जास्त एका नव्या नियमावरून. नव्या संघांना निदान उभं तरी राहता यावं म्हणून प्रत्येक जुन्या संघानं आपला एक गडी एका नव्या संघाला द्यायचा. चिठ्ठीत तीर्थपुरीच्या वाट्याला आली खापरवाडी, साठ उंबऱ्यांची वस्ती.

"गुरुजी, खापरवाडीच्या पोराईनं का फकस्त टाळ्याच वाजवायच्या का जिंदगीभर?" भिवा टेम्पोवाला म्हणाला. "सोळा झाले तर बिघडलं काय? न् गडी द्यायचा तर कडूबाला द्या. बिलकुल सोपा हिशेब हाये. चाळिशीला टेकला गडी."

"जीभ झडंल तुझी!" गुरुजी ताडकन उभे राहिले. "अठ्ठ्याऐंशीची फायनल इसरला? सहा गडी बाद होऊन बसल्ते. मैदानात एकटा कडूबा उरल्ता. न् समोरून त्यांचा पहिलवान चढाईला आल्ता, म्हशीएवढा! काय झालं मंग?"

काय झालं ते भिवालाही पाठ होतं. तो तंबाखू मळू लागला.

बद्रीनाथच्या डोळ्यांसमोर तर ते कालच घडल्यासारखं होतं. डाव्या कोपऱ्यात कडूबा उभा, गुडघ्यात वाकलेला, हात लोंबते सोडलेले. झोप लागली की काय याला, असं वाटावं असा. पहिलवानानं पाय टाकला मात्र, कडूबानं घोटा धरला. झेप नाही, आरडाओरडा नाही. तो धिप्पाड माणूस मध्यरेषेकडं सरपटत राहिला आणि कडूबा त्याच्या घोट्याला चिकटून राहिला. रेषा वीतभर उरली असताना पहिलवानाचा दम सुटला. त्या दिवशी बद्रीनाथ ढसाढसा रडला होता. बापाच्या मयताला इतका रडला नव्हता, आता खोटं कशाला बोला. कडूबा मात्र उठला, पहिलवानाला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात संघाचे कारभारी काकासाहेब आले. बाकड्यावर त्यांना जागा झाली.

"हे पहा," ते म्हणाले, "मधले दहा गडी हालवायचे न्हाईत. द्यायचा तर सगळ्यात नवा, न्हाई तर सगळ्यात जुना. म्हंजे वसंता, न्हाई तर कडूबा."

वसंता वीस वर्षांचा, चढाईचा गडी. गेल्या एकाच मोसमात त्यानं आठही गावं दणाणून सोडली होती. त्याला द्यायचं म्हणजे उद्याचं पीक आज कापून टाकायचं. आणि कडूबाला द्यायचं म्हणजे काय, हे कुणाला बोलवेना.

"बद्रीनाथ," काकासाहेब म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू मापं घेशील. कडूबाच्या पायात दम हाये का न्हाई ते तूच सांग. हाये म्हणलास तर वसंता जाईल. तुझंच म्हणणं हाये ना, टेप खोटं बोलत न्हाई?"

होतं खरं. पोट आत ओढून माप देणाऱ्या शेठजींना, वाढत्या मापावर रुसणाऱ्या बायांना, सगळ्यांना तो हेच सुनवायचा. टेप खोटं बोलत न्हाई. आता तेच वाक्य त्याच्या गळ्यात आलं.

कारण बद्रीनाथला जे ठाऊक होतं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो जुन्या वळणाचा शिंपी. मापं वहीत लिहायचा नाही. प्रत्येक माणसाची वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापायची आणि कंबर, उंची, मांडी अशा प्रत्येक मापाच्या जागी कात्रीनं चिमटा, म्हणजे बारीक खाच, घ्यायची, ही त्याच्या बापाची पद्धत. संघातल्या गड्यांच्या पट्ट्या तो टाकत नसे. कपाटामागच्या खिळ्यावर कडूबाच्या अठरा पट्ट्या टांगलेल्या होत्या. पहिल्या सोळांमध्ये डाव्या आणि उजव्या मांडीचे चिमटे एकावर एक बसत होते. दोन वर्षांमागं उपांत्य सामन्यात कडूबा उजव्या गुडघ्यावर पडला. चार दिवसांत चालायला लागला म्हणून लोक विसरून गेले. टेप विसरला नाही. त्या सालापासून उजवीकडचा चिमटा मागं सरकू लागला होता. मांडी वाळत चालली होती.

बद्रीनाथनं कुणाला सांगितलं नाही. कडूबाच्या चड्डीला उजवीकडून आतल्या बाजूनं त्यानं दुहेरी अस्तर लावलं, लांबी गुडघ्यापर्यंत घेतली. बाहेरून दोन्ही पाय सारखे.

"अवो, एकाच पायाला अस्तर कामून लावून राह्यलात?" दुर्गाबाईनं विचारलं होतं.

"थंडी उजवीकडून येती," तो म्हणाला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा गड्यांची मापं झाली. कडूबा सगळ्यात शेवटी आला. अंकुशनगरला साखर कारखान्यात तो कामाला होता. हंगामाआधीची यंत्रांची साफसफाई चालू होती, त्याच्या बाह्या ग्रीसनं काळ्या झाल्या होत्या. बद्रीनाथनं डाव्या मांडीला टेप लावला, मग उजव्या. तीन बोटांचा फरक. गेल्या साली दोन होता.

कडूबा माप देऊन निघून गेला. बाकड्यावरून काकासाहेबांनी भुवई उडवली.

"बराबर हाये," बद्रीनाथ म्हणाला. "पाय खणखणीत हाये."

गुरुजींनी टाळी वाजवली. भिवानं मान हलवली. शेजारी वसंता उभा होता, त्याला काय ते कळलं. कुणाकडं न बघता तो पायऱ्या उतरला आणि अनवाणीच निघून गेला. चपला तिथंच राहिल्या. त्या चपला संध्याकाळी दुर्गाबाईनं उचलून आत ठेवल्या. बद्रीनाथला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय न उघडतंय तोच कडूबा दारात. बाकड्यावर न बसता तो सरळ मशीनजवळ येऊन उभा राहिला.

"बद्रीनाना, एक इचारू? दोन साल झाले, माझ्या चड्डीला उजवीकडून अस्तर काहून?"

बद्रीनाथच्या हातातली सुई थांबली. "तुला कळलं व्हतं?"

"नेसतो तर मीच ना," कडूबा हसला. "पहिल्यांदा घातली तव्हा लई रडू आलं. घरी कोणाला दाखवलं न्हाई मी. म्हणलं, एवढं कोण करतं कोणासाठी? म्हणून गप राह्यलो. तुमचं मन मोडायचं न्हाई म्हणून."

"मंग आतापण गप ऱ्हाय. अजून दोन साल खेळशील."

"न्हाई नाना. पहिल्या टायमाला तुमी माझा पाय झाकला. काल वसंताला झाकून टाकलं." त्यानं मशीनवर हात टेकला. "मी वीस सालाचा असतानी मला कोणी असं खापरवाडीला धाडलं असतं, तर ती अठ्ठ्याऐंशीची फायनल झालीच नसती. तुमी सांगा काकासाहेबाला. मी सांगितलं तर म्हणतील, कडूबा मोठेपणा करून राह्यला. तुमी सांगितलं तर मानतील."

"माझ्या शब्दाची माती होईल रे गावात."

"होईल," कडूबा म्हणाला. "माझ्यापण पायाची झालीच की."

बद्रीनाथनं खिळ्यावरच्या पट्ट्या काढल्या, कालची वर ठेवली आणि पायांत चपला सरकवल्या. दुर्गाबाईनं आतून वसंताच्या चपला आणून त्याच्या हातात दिल्या. "ह्या बी द्या जाता जाता," ती एवढंच बोलली.

काकासाहेबांच्या ओसरीवर यादीचा कागद तयार होता. गुरुजी होते, भिवा होता, गडीही जमले होते. बद्रीनाथनं आधी वसंताच्या पायांपाशी चपला ठेवल्या. मग एकोणीस पट्ट्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या आणि शेवटच्या तीन पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"पाय वाळलाय," तो म्हणाला. "तीन बोटं. दोन सालापासून मला ठाऊक हाये."

काकासाहेबांनी चष्मा वर केला. "मंग काल टेप खोटं बोलला?"

"टेप न्हाई बोलला. म्या बोललो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बद्रीनाथनं पट्ट्यांवरचं बोट काढलं नाही. गुरुजी गुडघ्यावर बसून एकेक पट्टी उचलून उजेडाला धरत होते. सोळाव्या पट्टीनंतर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. काकासाहेबांनी यादीतलं वसंताचं नाव खोडलं आणि कडूबाचं लिहिलं.

खापरवाडीचे बनियन बद्रीनाथनंच शिवले. वस्तीतल्या पोरांच्या पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा आकडा येणार होता. ती एकमेकांच्या पाठी वळवून वळवून बघत होती. कडूबानं आपला जुना पाच नंबरच मागितला आणि वर सांगितलं, "नाना, चड्डीला अस्तर लावू नका. मापात शिवा. लांडी, गुडघ्याच्या वर."

माघातल्या एका रविवारी खापरवाडी तीर्थपुरीच्या मैदानावर उतरली. झाडांवर, टेम्पोच्या टपावर, गवळ्यांच्या भिंतीवर माणसं. कडूबा डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याचा उजवा पाय सगळ्यांनी पाहिला. एक वाळका पाय, एक भरलेला. कुजबुज झाली, एक-दोन शिट्ट्याही आल्या. कडूबा आपला गुडघ्यात वाकला, हात लोंबते सोडले.

खापरवाडी अकरा गुणांनी हरली. हरणारच होती. पण दर चढाईला कडूबा त्या पोरांना ओरडून सांगत होता, "पायाकडं बघा! डोळ्याकडं न्हाई, पायाकडं!" आणि तीर्थपुरीचा वसंता, अख्ख्या गोदाकाठचा वारा म्हणावा असा, त्या डाव्या कोपऱ्यात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा घोट्याला धरला गेला. तिसऱ्यांदा तो तिकडं फिरकलाच नाही. दुसऱ्या पकडीला टेम्पोच्या टपावरून जी आरोळी आली ती भिवाची होती. "अरे कडूबा रं, वाघा! एका पायावर, एका पायावर!" आपण कुणाच्या बाजूचे हेच तो विसरला होता.

"सोळा बरे हायेत," गुरुजी बद्रीनाथच्या कानाशी म्हणाले. "आठच असते तर हे कुठून दिसलं असतं?"

बद्रीनाथ टाळ्या वाजवत उठून उभा राहिला होता.

त्या मोसमानंतर कडूबा थांबला. गुडघा आता कामावरही साथ देत नव्हता. रविवारी मात्र सायकल दामटत तो खापरवाडीला जायचा आणि पोरांना घोटा धरायला शिकवायचा.

पुढच्या दसऱ्यानंतर बद्रीनाथनं तीर्थपुरीचे बारा बनियन घडी करून बाकड्यावर ठेवले. काकासाहेब सवयीनं एकेक उलटून आकडे बघू लागले. एक, दोन, तीन, चार, सहा. त्यांचा हात थांबला. त्यांनी खालपर्यंत चाळलं. सगळ्यात शेवटी तेरा होता.

"पाच कुठं हाये?"

बद्रीनाथनं मशीनवरची मान वर केली नाही. "लाल कापड कमी पडलं."

काकासाहेबांनी कपाटाकडं पाहिलं. लाल खारव्याचा अख्खा तागा तिथं दोरीसकट बांधलेला होता. त्यांनी बद्रीनाथकडं पाहिलं, बनियन पुन्हा नीट घडीत रचले आणि गठ्ठा काखेत मारला.

"बराबर हाये," ते पायरी उतरता उतरता म्हणाले. "तेवढ्यासाठी कापड कमीच पडणार."