सुताराच्या घराखालची वाट

मित्रांनो, मी एक जुनी नदी आहे. नदी म्हणजे अगदी लहान. नकाशात मी केसाएवढी रेघ आहे. डोंगरमाथ्याजवळ खडकाच्या फटीतून मी पाझरते, उतारावर दोन-तीन ओढे पोटात घेते, पिठाच्या गिरणीमागे वळते आणि पुलाखालून सपाटीवर जाऊन मोठ्या नदीला मिळते. तिथून पुढे माझे नावही उरत नाही.

गिरणीपाशी माझे दोन फाटे आहेत. उजवा रोजचा. डावा एरवी कोरडा असतो. डोंगरावर पाणी फारच झाले तर मी तिकडून जाते. जुनी माणसे त्याला 'नदीची दुसरी वाट' म्हणत. बोलता बोलता 'नदीची' गळली, 'दुसरी'ही गळली आणि नुसती 'वाट' राहिली. सगळा घोळ इथेच झाला.

एका सुताराला त्या कोरड्या फाट्यातली सपाट जागा आवडली. घर बांधायला काढले तेव्हा त्याची म्हातारी आत्या म्हणाली, "अरे, वाटेत घर बांधू नकोस."

"कडेलाच बांधतोय, आत्या. जायला-यायला जागा ठेवलीय की."

"ती जागा तिची आहे रे."

"शेजारणीची ना? विचारलंय तिला. तिची काही हरकत नाही."

आत्याने कपाळावर हात मारला. पण ती ऊठसूट कपाळावर हात मारते, म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

घर छान झाले. अंगणात सुताराचा रंधा चालतो, त्याची धाकटी लेक लाकडाच्या सालींशी खेळते. मला ही माणसे आवडतात. सुतार कधी भुसासुद्धा माझ्यात टाकत नाही.

कालपासून डोंगरावर पाऊस कोसळतो आहे. वाहून आलेली झाडे पुलाखाली अडकली आहेत आणि उजव्या फाट्यात मी मावत नाही. मी स्वतःला थोपवू पाहते, पण मागून लोटणारे पाणीही मीच आहे. गिरणीमागे मी डावीकडे वळू लागले आहे, आणि मला फार भीती वाटते.

मला स्वच्छ ठेवा, असे मी एरवी सांगितले असते. मित्रांनो, आज ते राहू द्या. आधी कोणीतरी मोठ्या माणसांना सुताराकडे धाडा. करवतीच्या आवाजात त्याला हाक ऐकू जायची नाही, दार जोरात ठोठावायला सांगा. आत्याचे गुडघे धरलेत, तिला उचलूनच आणावे लागेल. आणि समजावत बसू नका म्हणावे. 'नदी येतेय' एवढेच सांगा.