कूलरशेजारचा खोका

आचलसाठी काडतुसं मीच निवडली होती. चंद्रपूरच्या आमच्या रायफल क्लबात बंदूक कधी खांद्याला न लावलेला माणूस मी एकटाच. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो आणि इथल्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळू लागलो.

आचल नवी होती. चाप ओढण्याआधीच डोळे मिटायची, खांदा मागे घ्यायची.

"पॉइंट टू-टू रायफलचा धक्का तो कितीक?" प्रशिक्षक अंकुश म्हणायचा. "मच्छर जास्त जोरात चावते!"

"धक्क्याचं नाई सर, आवाजाचं भेव वाटते."

मी पंधरा दिवस पुस्तकं चाळली आणि कमी वेगाच्या, हलक्या आवाजाच्या काडतुसांचा खोका मागवला. महिनाभरात तिचे डोळे उघडे राहू लागले. नागपूरच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात बसेल इतके गुण पडू लागले.

मे लागला. कपाट तव्यासारखं तापायचं. काडतुसांना उष्णता बाधते असं वाचलं होतं, म्हणून खोका कूलरला लागून असलेल्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवला. ओलही बाधते, हे त्याच पानावर खाली होतं.

निवडीच्या दिवशी तिची चौथी गोळी उडालीच नाही. नुसतं टक् झालं आणि धक्का नसतानाही तिची नळी दचकून खाली झुकली. सातवीही तशीच. नियमाप्रमाणे बदली गोळ्या मिळाल्या, पण तोवर तिचे डोळे पुन्हा मिटू लागले होते.

"आवाज नाई झाला तरी भेते!" अंकुश म्हणाला. सगळे हसले. मीही थोडा हसलो.

संध्याकाळी खोका उघडला. पुठ्ठ्याचा तळ बोटाला ओला लागला. तीन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

चौथ्या दिवशी ती क्लबचं जॅकेट परत करायला आली. "ठेवून घ्या सर. मले नाई जमत."

मी खोका तिच्यापुढे ठेवला. सगळं सांगितलं. तिनं तळावरून बोट फिरवलं.

"अंकुश सरले मालूम आहे?"

"नाही."

"यादी त गेली न नागपूरले?"

"काल गेली."

"म्हंजे परवा सांगितलं असतं त..." टेबलावरचं जॅकेट तिनं उचललं. "चला. आता माह्यासमोर सांगा. सगळे हायेत तिकडं."

खोका छातीशी धरून मी तिच्या मागून निघालो.